प्यारीबाईंच्या भिंगाचा सूड

मी एक जुनं भिंग आहे. मित्रांनो, माझ्या पितळी कडीच्या झळाळीवर जाऊ नका. मी डूख धरणारा आहे.

जुन्नरच्या बाजारात पारसमलशेठचं किराणा दुकान आहे. त्यांची आई प्यारीबाई माझ्यातून धर्माच्या पोथ्या वाचत. दुकानात नवा माल आला की पुड्यावरचं बारीक अक्षरही माझ्यातूनच वाचलं जाई, कारण त्यांच्या जैन घरी मांस-अंडं सोडाच, कांदासुद्धा चालत नाही. पुढे शेठ म्हणाले, हिरवा ठिपका दिसला की झालं, भिंग कशाला? आणि मला खणात टाकलं. तो अपमान मी गिळला, पण विसरलो नाही.

यंदा पर्युषणात प्यारीबाईंनी अठ्ठाई केली, आठ दिवस निव्वळ उकळलेल्या पाण्यावर काढले. त्यानिमित्त उपाश्रयात सगळ्यांना खाऊ वाटायचा होता. शेठनी खोडदच्या आदेशकडून परदेशी जेलीच्या गोळ्यांची खोकी घेतली. हा आदेश गोळ्या-बिस्किटांची एजन्सी चालवायचा. जिभेवर साखर, पोटात लबाडी. प्रत्येक पाकिटावर त्यानं आपलं लेबल डकवलं होतं, त्यावर ठसठशीत हिरवा ठिपका.

वाटपाच्या आदल्या दिवशी एका लेबलाचा उचकटलेला कोपरा प्यारीबाईंच्या बोटाला लागला. त्यांनी मला खणातून काढलं आणि नातसून राखीला खालचं अक्षर वाचायला लावलं. राखीनं वाचलं, डुकराचं जिलेटिन. शेठनी मला ओढून घेऊन स्वतः वाचलं. त्यांचा चेहरा पाहून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. उपाश्रयात गोळ्यांऐवजी खडीसाखर गेली. शेठ म्हणत होते, गुपचूप माल परत करू. प्यारीबाईंनी ऐकलं नाही. अजून खरा चोर बाकी होता.

रविवारी आठवडे बाजाराला आदेश आला. सोबत त्याची आई धोंडाबाई होती, गळ्यात तुळशीची माळ. प्यारीबाईंनी दोघांना बसवलं, चहा दिला आणि त्याच पाकिटातली एक गोळी धोंडाबाईंच्या तळहातावर ठेवली. माझा उपवास सुटलाय, तोंड गोड करा, म्हणाल्या. धोंडाबाईंनी गोळी तोंडाशी नेली.

"आये, खाऊ नगं ती," आदेशनं तिचा हात धरला.

"का भाऊ?" प्यारीबाईंचा आवाज जराही चढला नाही. "आमाला चालती, मग माळकरणीला का नाय?"

त्यांनी लेबल सोललं आणि मला त्याच्या हातात दिलं. आईला वाचून दाखव, म्हणाल्या. तो पुटपुटला. त्यांनी पुन्हा मोठ्यानं वाचायला लावलं. मला दया आली नाही. ते अक्षर बैलाएवढं करून दाखवता आलं असतं, तर तेही केलं असतं.

धोंडाबाईंनी गोळी खाली ठेवली.

"गावच्या सप्त्यात तू दिलेल्या गोळ्या मी माज्या हातानं वाटल्या," त्या म्हणाल्या. "त्या ह्याच व्हत्या का?"

आदेशनं मला घाईनं खाली ठेवलं. धोंडाबाईंनी गळ्यातली माळ काढून त्याच्या हातावर ठेवली आणि बाजारातून एकट्याच चालू लागल्या.

मला हवा होता तो सूड मिळाला. पण तो नेमका कुणाला लागला, हे त्या माऊलीची पाठ पाहताना कळलं. मित्रांनो, हिरवा ठिपका कुणीही छापतं. पाकीट हातात आलं की उलटं करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. दुसऱ्याच्या तळहातावर ठेवणार असाल, तर दोनदा वाचा.