अनोळखी माणसांचा सल्ला

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी म्हातारा शिंपी वाचायला शिकला. कुठलं पुस्तक घ्यावं, नातीला कुठल्या शाळेत घालावं, मत कोणाला द्यावं, सगळं तो मोबाइलवर अनोळखी लोकांना विचारी. मुलगा खेकसायचा, "बाबा, एवढंही कळत नाही?" ते लोक मात्र 'काका, काका' करत.

एका सकाळी बायकोच्या छातीत कळ आली.

"अहो, पोराला हाक मारा!"

"तो अंगावर येईल. थांब, इथे विचारतो."

कोणी म्हणालं गॅस असेल, कोणी म्हणालं सरकारी दवाखान्यात नेऊ नका. मग सरकारवरूनच त्यांची जुंपली. शिंपी एकेक अक्षर लावत सगळं वाचत बसला. पलीकडच्या खोलीत मुलगा दाढी करत होता.

बायको त्याच सकाळी गेली, धाकटीच्या लग्नानंतर सातव्या महिन्यात.