गुडघ्यापासून छातीपर्यंत

"मॅडम, फोटो पाठवलेत. वारा वाढायच्या आत काँक्रीट ओतायचंय. तुमचं ओके आलं की गाड्या सोडतो."

"अहो, बघू तर द्या! का डोळे मिटून सही करू?"

"हो मॅडम."

हा साइटवरचा सुपरवायझर. मी त्याला मनातल्या मनात 'होमॅडम' म्हणते, कारण काहीही सांगा, तो हेच म्हणतो. चार वर्षं आम्ही एकत्र काम करतोय आणि एकदाही समोरासमोर आलेलो नाही. तो तिकडे, जिथे वर्षातून पाच-सहा वेळा जमीन हलते आणि उरलेले दिवस वारा माणसाला धड उभं राहू देत नाही. मी इकडे, घराच्या मागच्या खोलीत, दोन पडद्यांसमोर. आमची दुपार ती त्यांची सकाळ. खांब केवढा, त्यात सळ्या किती, रिंगा किती, हे मी इथून ठरवायचं. त्याने ते तिथे उभं करायचं आणि काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक खांबाचा फोटो मला पाठवायचा, शेजारी मोजपट्टी धरून. हा फोटोचा नियम माझाच. त्याचा मला केवढा अभिमान होता, काय सांगू!

तेवढ्यात छतावर धाड धाड सुरू झालं. वरच्या मजल्यावरच्या जुळ्या शाळेतून आल्या होत्या आणि दप्तरं टाकून दोरीच्या उड्या मारत होत्या.

"या पोरींना ना, एकदा चांगलं..."

"मारू दे गं उड्या," शेजारच्या खुर्चीतून बाबा म्हणाले. "या इमारतीचं लोखंड मी बांधलंय. हत्ती नाचला तरी हलायची नाही."

हे वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकते. बाबांनी चाळीस वर्षं लोखंड बांधलं. सळ्या वाकवायच्या, उभ्या करायच्या, तारेने आवळायच्या, हाच धंदा. त्यावरच मी शिकले आणि इंजिनिअर झाले. बाबांनी हाताने बांधलेल्या इमारतींपैकी ही एक, म्हणून मी हट्टाने इथेच घर घेतलं. राहायला आलो त्या दिवशी त्यांनी घरातल्या प्रत्येक खांबावर थाप मारली होती, बैल विकत घेतल्यासारखी. दोन वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली, हात लुळा पडला. तेव्हापासून ते माझ्या शेजारी बसतात आणि लोक टीव्ही बघतात तसा माझा पडदा बघतात.

अठ्ठावीस खांब, अठ्ठावीस फोटो. मी भराभर सरकवत होते. माझा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. मागच्या महिन्यात मी दोनदा काम थांबवलं होतं आणि कंपनीचे साहेब गोड आवाजात म्हणाले होते, "मॅडम, तिसऱ्यांदा थांबवलंत तर आम्हाला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." घर या एका कामावर चालतं. त्यामुळे फोटो उघडला की जीव टांगणीला लागायचा.

बघायचं असतं ते रिंगांचं टोक. खांबातल्या उभ्या सळ्यांना कवटाळून रिंगा असतात आणि प्रत्येक रिंगेचं टोक आकड्यासारखं खांबाच्या पोटात वळलेलं असावं लागतं. नुसतं काटकोनात ठेवलं तर चालत नाही. सगळ्या फोटोंत टोकं पोटात वळलेली होती. मी सुटकेचा श्वास टाकला आणि ओकेवर बोट नेलं.

"थांब," बाबा म्हणाले. "तो मोठा करून दाखव."

"बाबा, गाड्या खोळंबल्यात तिकडे."

"दाखव म्हणतो ना! बघ, हे आकडे रिंग बनवताना वाकवलेले नाहीत. रिंग बसवल्यावर टोकावर लोखंडी नळी घालून वाकवलेत. गंज कसा खरवडलाय बघ."

"वाकवलेत ना? मग झालं तर."

"सगळे नाही वाकवलेले."

"कशावरून?"

त्यांनी चहाचा मग डाव्या हाताने खाली ठेवला. बराच वेळ लावला त्याला. "फोटो गुडघ्यापासून छातीपर्यंतच आहेत. खाली वाकायला नको, वर चढायला नको. हात पोचतो तेवढेच करतात."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

मी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस फोटो पुन्हा पाहिले. गुडघा ते छाती. एकाही फोटोत तळ नाही, माथा नाही. मी व्हिडिओ कॉल लावला.

"कोपऱ्यातल्या खांबापाशी जा," मी होमॅडमला म्हटलं. मागे वारा असा घोंगावत होता की त्याचा आवाज तुटत होता. "आता खाली बसा. तळ दाखवा."

"मॅडम, गाड्या निघाल्यात..."

"तळ दाखवा!"

फोन खाली गेला. तळाच्या रिंगांची टोकं काटकोनात, नुसती कडेला चिकटून होती. एकही पोटात वळलेलं नव्हतं.

"आणि वर?"

"शिडी नाहीये, मॅडम."

"मग आणा. मी इथेच आहे, कुठे जात नाही."

शिडी आली. तो चढला, आणि मी विचारायच्या आधीच म्हणाला, "वरपण तसंच आहे, मॅडम."

"अहो, खांब आधी तुटतो तो तळाशी आणि माथ्याशी! मधे सगळ्यात शेवटी. तुम्ही नेमके मधलेच वाकवलेत?"

"फोटोत मधलेच येतात, मॅडम."

हे तो लबाडीने म्हणाला नाही. मी विचारलं तेवढ्याचं सरळ उत्तर दिलं. आता चिडायचं कुणावर? पुढे तो बिचारा सांगत राहिला, की टोक आधीच वाकवलं तर रिंग सळ्यांवरून खाली उतरत नाही, कामगारांचे हात सोलून निघतात, उद्यापासून चार दिवस वादळ आहे, क्रेन बंद राहणार.

"आज काँक्रीट नाही," मी म्हटलं. "आणि खालचे दोन मजले?"

मग तो म्हणाला, "त्याला तुम्ही ओके दिलं होतं, मॅडम."

मी जुने फोटो उघडले. घाईत दोनदा भलतंच उघडलं. पहिला मजला, गुडघा ते छाती. दुसरा मजला, गुडघा ते छाती. छप्पन्न खांब आणि छप्पन्न वेळा माझं ओके. मी उठले, दारापर्यंत गेले, परत आले. पाणी प्यायचं होतं, ते प्यायलेच नाही.

"टोक काटकोनात राहिलं तर काय होतं?" बाबांनी विचारलं.

मी पडद्याकडे बघतच ताडकन सांगून टाकलं. "हादरा बसला की बाहेरचं काँक्रीट सुटतं. रिंग उघडते. सळ्या फाकतात आणि खांब बसतो. दहा-वीस सेकंदांत खेळ खलास."

मग मी वळले. बाबा खोलीच्या कोपऱ्यातल्या खांबाकडे बघत होते.

"आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं गं," ते म्हणाले. "साहेब यायचे त्या दिवशी जिन्याजवळचे तेवढे वाकवायचो. साहेब जिन्याजवळूनच बघून जायचे. बाकीचे तसेच राहायचे. का वाकवायचे, ते कुणी बोललंच नाही."

"इथेही?"

"इथेही." मग त्यांनी विचारलं, "इथे जमीन हलते का गं?"

मी दिवसभर याच गोष्टीचे नकाशे बघत असते. मी म्हटलं, "क्वचित."

"क्वचित म्हणजे?"

"क्वचित म्हणजे क्वचित, बाबा. मला आता फोन करू द्या."

कंपनीच्या साहेबांना फोन लावला. उभ्यानेच बोलले, बसवेना. आजचं काम थांबवल्याचं सांगितलं, ते त्यांनी निमूट ऐकून घेतलं. खालच्या दोन मजल्यांचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "त्यावर तर तुमचीच सही आहे."

"माझीच आहे. म्हणून तर मीच सांगतेय. ते खांब तपासायला लागतील आणि बाहेरून बांधून घ्यायला लागतील."

"मॅडम, जरा शांतपणे विचार करा. आजपासून वरचे मजले नीट करू. खालचं कशाला उकरायचं?"

"हादरा काय वरून येतो, साहेब?"

"लेखी देणार आहात हे?"

"देणार आहे."

"त्यानंतर तुमचं काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय," मी म्हटलं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू! फोन ठेवला आणि चार ओळी लिहिल्या. चूक माझ्या तपासणीची आहे, हे पहिल्या ओळीत टाकलं. तिकडच्या इमारतीच्या मालकालाही तीच प्रत लावली आणि पाठवून दिलं. अर्ध्या तासाने उजव्या पडद्यावरचे माझे नकाशे एकेक करून बंद झाले. परत उघडायला गेले तर परवानगी नाही, असं आलं. चार वर्षांचं काम, आणि निरोपाला एक ओळ. होमॅडमचा मात्र मेसेज आला होता. 'मॅडम, गाड्या परत पाठवल्या. तळापासून वाकवायला घेतलंय.'

छतावर पुन्हा धाड धाड सुरू झालं. बाबा उठले आणि काठी शोधू लागले.

"कुठे निघालात?"

"वर."

"बाबा, पोरींच्या उड्यांनी खांबाला काहीसुद्धा होत नाही. मी इंजिनिअर आहे ना?"

"मला माहीत आहे," ते म्हणाले आणि चपला घालू लागले.

अठरा पायऱ्या. काठी माझ्याकडे दिली, डाव्या हाताने कठडा धरला आणि एकेक पायरी चढले. मी मागे हात पसरून, आता पडतात की मग, अशी. वर पोचेपर्यंत त्यांना बोलायला दम उरला नव्हता. जुळ्यांनी दार उघडलं.

"खाली चला गं," बाबा म्हणाले. "दोरी घेऊन अंगणात चला."

"पण आजोबा, तुम्हीच तर म्हणता, हत्ती नाचला तरी हलायची नाही!"

"आज हत्तीला बरं नाही."

दोघी फिदीफिदी हसल्या आणि आमच्या आधी खाली पळाल्या. आम्हाला उतरायला दहा मिनिटं लागली. अंगणात त्यांचं भांडण जुंपलं होतं. दोघींनाही उड्या मारायच्या होत्या आणि दोरी कुणालाच धरायची नव्हती. शेवटी एक म्हणाली, मी फिरवते, पण दुसरं टोक बांधून टाकू, आणि ते टोक घेऊन ती इमारतीच्या खांबाकडे निघाली.

"तिथे नको," बाबा म्हणाले. ते पायरीवर टेकले होते. त्यांनी डावा हात पुढे केला. "आण इकडे. मी धरतो."