बिनमशीनचा एक्स-रे

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मेअखेरच्या त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बोंबील वाळवायच्या दोऱ्या सोडून तिथे मांडव घातला होता आणि मांडवात भगवी शाल पांघरून बसले होते हाडांचे स्वामी, सांध्यांचे सम्राट, श्री अस्थिनाथ महाराज! साल १९८१. माणूस चंद्रावर उतरून बारा वर्षं झाली होती आणि आमची माणसं महाराजांच्या पायाचं पाणी बाटल्यांत भरून नेत होती. रांगेत कोळणी होत्या, बागायतदार होते, आणि आमच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी मार्गारेटबायसुद्धा होती. भोळेपणाला जातधर्म नसतो.

"डॉक्टरचं मशीन कशावर चालतं? विजेवर!" महाराज गरजले. "वीज गेली की डॉक्टर आंधळा. आमचं मशीन इथे आहे." त्यांनी छातीवर थाप मारली. "चोवीस तास चालू, आणि बिलसुद्धा येत नाही!"

लोक खदखदून हसले. मग महाराजांनी हाक मारली, "रखमाबाई, पुढे ये."

मी चमकलो. मी फ्रान्सिस, माणिकपूरच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करतो. जानेवारीत रखमाबाईच्या हातांचा एक्स-रे मीच काढला होता. सकाळी उठल्यावर तासभर तिची बोटं वळायची नाहीत. दोन ओल्या बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, हे तिचं काम. अशा शेकडो जोड्या रोज. त्या बोटांवर घर उभं होतं आणि तीच बोटं सुजली होती. फिल्मवर स्वच्छ दिसत होतं, बोटांच्या मुळाशी, सांध्यांच्या कडेला हाड कुरतडलं गेलं होतं, उंदरानं भाकरीची कड खावी तसं. डॉक्टरांनी तिला समजावलं होतं, "हा साधा वात नाही. औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागेल. दुखणं थांबलं तरी हाड आतून खाल्लं जात असू शकतं, म्हणून मधूनमधून फोटो काढायचा." मार्चपासून ती आलीच नाही.

मला बघून तिचा चेहरा फुलला. "फ्रान्सिसभाऊ, ही बघा मूठ! महाराजांच्या पुडीनं आठ दिसांत दुखनं गेलं."

मूठ खरंच वळत होती. पण तिचा उभट चेहरा पुरीसारखा गोल झाला होता. "तेज आलंय तोंडावर," बायका कौतुकानं म्हणत होत्या. मला ते तेज काही बरं वाटेना.

"डॉक्टरांचं औषध?" मी विचारलं.

"सोडलं. तुमच्याच दयारामभाऊनी सांगितलं, महाराजांकडे जा म्हनून. दवाखान्यातला मानूस खोटं कशाला सांगंल?"

दयाराम म्हणजे आमच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणारा माझा सोबती. अकरा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो. बिचारा तोही फसला, असं मी मनाशी म्हटलं.

तेवढ्यात महाराजांनी एक काळं पाकीट काढलं. रखमाबाईचे दोन्ही तळवे त्यावर ठेवले, वर शाल टाकली आणि मंत्र सुरू केला. "अस्थि अस्थि, स्वस्थ स्वस्थ!" पाच मिनिटं हे चाललं. मग शाल ओढली, पाकीट उघडलं, आणि आतून निघाली एक्स-रेची फिल्म! तिच्यावर दोन पंजे, आणि त्यांची हाडं अगदी धडधाकट. उन्हाकडे धरून महाराजांनी ती सगळ्यांना दाखवली. लोकांनी हात जोडले. रखमाबाई तर रडू लागली.

मी पुढे घुसलो. "महाराज, फिल्म अंधारात रसायनात बुडवल्याशिवाय चित्र उमटत नाही. ही बुडवली कोणी? आणि हिच्यावर नाव कुठे आहे?"

"हाडांना नाव नसतं, बाळा. नाव कातडीला असतं!"

पुन्हा टाळ्या. कोणीतरी माझी कॉलर धरली. तरी मी फिल्म हिसकावलीच. जिथे नाव असतं तिथे खरवडलेलं होतं. फिल्म धुताना ती एका चौकटीत चार चिमट्यांनी धरतात, म्हणून चार कोपऱ्यांना चार बारीक भोकं पडतात. आमच्या चौकटीचा एक चिमटा तुटलेला आहे. या फिल्मला तीनच भोकं होती. ती आमच्याच खोलीत धुतलेली होती आणि त्या खोलीत माझ्याशिवाय एकच माणूस जातो.

मी फिल्म रखमाबाईच्या हातात दिली. "तुम्हीच बघा, बाई. हे तुमचेच हात का?"

तिनं डोळे पुसले, फिल्म उन्हात धरली. फिल्मवरच्या मनगटांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "याच्यात दोनी हातांत बांगड्या हायत."

बायका पुढे सरकल्या. हाडांच्या मागे मनगटावर काचेच्या बांगड्यांची वर्तुळं दिसत होती, डावीकडे तशीच उजवीकडे. कोळणीच्या उजव्या हातातल्या बांगड्या लग्नातच दर्याला दिल्या जातात, त्यानं धन्याला सांभाळावं म्हणून. रखमाबाईचा धनी काळूराम त्या दिवशीही होडीवर होता. तिचा उजवा हात वीस वर्षं मोकळा होता.

"ही... ही दैवी सौभाग्याची खूण आहे!" महाराज चाचरले.

"आमचं सौभाग्य तू शिकवनार आमाला?" एक म्हातारी कडाडली. मग गलका झाला. महाराज शाल टाकून कसे पळाले, ते पुष्कळांनी पाहिलं.

मी मात्र त्या मजेत नव्हतो. माझ्या डोळ्यांसमोर दयाराम होता.

सोमवारी त्यानं सगळं कबूल केलं. फिल्म कोणा बागायतदारीण बाईची; तिचा एक हात मुरगळला, म्हणून तुलनेला दोन्ही हातांचा फोटो काढला होता. धुऊन, वाळवून, काळ्या पाकिटात आधीच भरून ठेवलेली. पुडीत राखेबरोबर स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या. त्यांनी सूज झटक्यात उतरते, चेहरा सुजून गोल होतो, आणि हाडाची झीज आत चालू राहू शकते. "लोकांना बरं वाटत होतं ना?" तो म्हणाला. "महाराज मला मांडवात शेजारी बसवायचे, फ्रान्सिस. इथे कोण विचारतं अंधारातल्या माणसाला?" मला त्याची कीव आली नाही. संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

रखमाबाईचा नवा एक्स-रे काढला. जानेवारीत दोन ठिकाणी कुरतडलेलं होतं, आता पाच. उजव्या तर्जनीचा सांधा जागचा सरकलेला. पुडीतलं स्टेरॉइड एकदम तोडणं धोक्याचं, म्हणून डॉक्टरांनी ते मोजून हळूहळू सोडवायचं ठरवलं, औषध पुन्हा सुरू केलं आणि खरं तेच सांगितलं, "पुढची झीज कमी करू शकू. गेलेलं हाड परत येणार नाही."

ती दयारामसमोर जाऊन उभी राहिली. "माझा पयला फोटो तूच धुतलास ना?"

"हो."

"हाडं खाल्ली जातायत, ते तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मला नव्हतं दिसलं," ती म्हणाली. "मला त्यातलं कळत नाय. म्हनून तर तुझ्यावर इस्वास टाकला."

दयाराम दवाखाना सोडून गेला, महाराज कुठे दुसऱ्या गावी नवं नाव घेऊन बसले असतील. म्हणून हे लिहितो आहे. चमत्कार दाखवणारा समोर आला की त्याला विचारा, पुडीत काय आहे, फोटो कोणाचा आहे, यंत्र कुठे आहे. आणि आम्हा दवाखान्यातल्या माणसांनाही तेच विचारा, आम्ही ओळखीचे आहोत म्हणून सोडू नका. खऱ्याला प्रश्नाची भीती नसते. रखमाबाईचे तीन महिने न विचारण्यात गेले, आणि ती तर्जनी आता कधीच सरळ होणार नाही.