रक्त आलं म्हणून

घड्याळजीने अन्न सोडलं त्याला आज नववा दिवस. चमचा ओठांजवळ आला की तो मान भिंतीकडे फिरवायचा आणि बायकोचा जीव तिथेच अर्धा व्हायचा. कोमट दूध नाहीतर साखरपाणी, तेही घोटघोट. एवढ्यावर माणूस किती दिवस काढणार?

चार महिन्यांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. ज्या हाताने चाळीस वर्षं मोहरीएवढे स्क्रू बसवले, तो आता उशीवर नुसता पडलेला. पण बायको खमकी. अंग पुसणं, दाढी, कूस बदलणं, दात घासणं, सगळं तिने डोळ्यांत तेल घालून केलं. पाठीवर एक जखम होऊ दिली नाही. सेवा करावी तर हिने, असं शेजारीपाजारी म्हणायचे. आणि खोटं नव्हतं ते.

आता डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, सोमवारपर्यंत जेवले नाहीत तर नाकातून नळी घालावी लागेल. घालायची की नाही, ते घरच्यांनी ठरवायचं.

लेक रजा टाकून आली होती. "आई, बाबांनी मनानेच सोडलंय गं," ती म्हणाली. "नळीवर किती ओढायचं त्यांना? जायचं असेल तर जाऊ दे ना."

"जिभेला काही हाड आहे का तुझ्या?" आई कडाडली. पण स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली, कारण तिच्याही मनात तेच घोळत होतं. हा माणूस आपल्याला कंटाळला, असं तिला वाटत होतं.

शनिवारी रक्तदाब बघायला नेहमीच्या नर्सऐवजी दुसरी आली. पोक्त बाई, कमी बोलणारी. बाबांनी मनानेच अन्न सोडलंय, असं लेकीने तिला दारातच सांगितलं. पट्टा बांधताना तिने घड्याळजीच्या डाव्या हातावरचा लोकरी मोजा पाहिला. मनगटाशी गाठ मारलेली.

"हा कशाला?"

"चाळा लागलाय हो त्यांना," बायको म्हणाली. "चादरीचे दोरे उसवायचे आणि तोंडात घालायचे. घशात अडकला म्हणजे? म्हणून बांधला."

"तोंडात म्हणजे कुठे? गिळायला?"

"नाही... दातांकडे न्यायचे."

नर्सने पट्टा बाजूला ठेवला. मग तिने टॉर्च काढला. "बारा वर्षं दातांच्या दवाखान्यात होते मी. बाबा, आ करा बघू."

आता मान फिरवणार, असं बायकोला वाटलं. घड्याळजीने तोंड उघडलं. दुखत होतं, डोळ्यांत पाणी आलं, तरी उघडंच ठेवलं.

पुढचे दात लख्ख होते. नर्सने बोटाने गाल ओढला आणि बायको वाकून बघू लागली. मागे दोन दातांमधली प्रत्येक हिरडी फुगून जांभळी झाली होती. एका दाढेशी पू साचला होता. नर्सचं बोट लागलं न लागलं तोच रक्त आलं, आणि घड्याळजी कण्हला.

"दोनदा घासते हो मी! सकाळ-संध्याकाळ!" बायकोचा आवाज चिरकला.

"दिसतंय ना. पण ब्रश फटीत शिरत नाही. अन्न तिथे राहतं, कुजतं, हिरडी सुजते. हे आधी दातांच्या फटींतून धागा फिरवायचे का?"

फिरवायचे का! रोज जेवण झालं की हातभर धागा बोटांना गुंडाळून आरशासमोर उभे. एकही फट सोडायचे नाहीत. ती हसायची, "झालं का सर्व्हिसिंग?" दवाखान्यातून घरी आणल्यावर तिनेही एकदा त्यांच्या दातांत करून पाहिलं होतं. धागा आत गेला आणि त्यांच्या ओठावर रक्त ओघळलं. धाग्याची डबी तिने तशीच कचऱ्यात टाकली.

"रक्त आलं म्हणून मी थांबले," ती म्हणाली. "वाटलं, मीच इजा करतेय."

"सगळे तिथेच थांबतात," नर्स म्हणाली. "हिरडी सुजलेली असते म्हणून रक्त येतं, मावशी. रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी जरा जास्त येतं. हलक्या हाताने रोज फिरवला की सूज उतरते. थांबलं की वाढते. मनाने सोडलंय म्हणता, अहो, यांना चावताच येत नाहीये."

लेक तोंडावर हात ठेवून उभी होती. बायको मोज्याची गाठ सोडायला लागली. गाठ तिनेच घट्ट मारलेली, लवकर सुटेना.

सोमवारी नळीच्या जागी दातांचा डॉक्टर आला. दोन दाढा गेल्या. त्या वाचण्यासारख्या नव्हत्याच. पू काढला, औषध दिलं, बाकीचे दात टिकवणं आता तुमच्या हातात, म्हणाला. ठणका उतरला तसा घड्याळजी पातळ पेज घ्यायला लागला आणि नळी टळली. बायको रोज दुपारी धाग्याची नवी डबी घेऊन बसू लागली. रोज रक्त यायचं. तरी ती पुढच्या फटीकडे वळायची. पंधराव्या दिवशी धागा पांढराच्या पांढरा बाहेर आला. त्या दुपारी त्याने वाटीभर कुस्करलेला बटाटा खाल्ला आणि वाटी खरवडायची खूण केली.

तिने वाटी खाली ठेवली आणि तिला रडू फुटलं. "तुम्ही मागत होतात, आणि मी हात बांधला हो तुमचा. उपाशी ठेवलं. मला माफ करा."

घड्याळजीने डावा हात उचलून तिच्या हनुवटीला लावला. डोळे पुसतोय, असं तिला वाटलं. पण तो हनुवटी खाली दाबत होता. तिने तोंड उघडलं. एक डोळा बारीक करून त्याने आत कितीतरी वेळ पाहिलं, आणि मग धाग्याची डबी तिच्याकडे सरकवली.

तिने हातभर धागा तोडला, मागच्या दाढेत घातला. चटका बसला. धाग्यावर लाल डाग उमटला आणि तिचे हात आपोआप थांबले.

त्याने मान हलवली. नाही. आणि तिचं कोपर धरून हात पुन्हा वर नेला.