कॉइल सैल नव्हती

परत आलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण उघडताच करपट वास आला, आणि डिझायनर साहेबांनी आत नीट बघायच्या आधीच निकाल देऊन टाकला. "वाइंडिंग सैल आहे."

वाइंडिंग म्हणजे ताई आणि तिची धाकटी नणंद. एकोणीस वर्षं ताई लोखंडाची भुकटी दाबून केलेल्या कड्यांवर तांब्याची तार गुंडाळून कॉइल बनवत आली होती. नणंदेला तिनंच हाताला धरून शिकवलं होतं. हा अ‍ॅम्प्लिफायर वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करून आवाज वाढवायचा. ती कापाकापी गाळून स्पीकरकडे नुसता आवाज सोडायचा, हे काम शेवटच्या फिल्टरचं, म्हणजे कॉइल आणि कपॅसिटरचं. हिशेब साहेबांचा, हात या दोघींचे. करपलेल्या कॉइलवर नणंदेच्या नावाची चिठ्ठी निघाली. त्याच दुपारी तिला पॅकिंगला धाडलं.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉइल तिनं साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"सैल कुठं आहे, दाखवा."

"ताई, हे गणिताचं काम. तुम्हाला नाही कळायचं."

"मग गणित राहू द्या. तुम्ही स्वतः गुंडाळलेला पहिला नमुना कपाटात आहे ना? तो लावून बघा."

साहेबांनी बरीच टाळाटाळ केली. मॅनेजरबाई मध्ये पडल्या, तेव्हा कुठं नमुना बाहेर निघाला. गिऱ्हाइकाच्या सभागृहात होती तशीच जोडणी केली: एका आउटपुटवर दोन स्पीकर. दहा मिनिटांत आवाज फाटायला लागला आणि साहेबांच्या कॉइलवर बोट टेकवेना.

"मी आठ ओहमचा एकच स्पीकर धरला होता," साहेब शेवटी म्हणाले. "दोन जोडले की चारच ओहम उरतात. करंट दुप्पट. एवढ्याशा कड्याला तो पेलत नाही."

"दोन चालतील असं माहितीपत्रकात तुम्हीच लिहिलंय," मॅनेजरबाई म्हणाल्या.

मोठं कडं मागवलं, नव्यानं वेढे घातले, आणि कॉइल तासभर चालूनही जेमतेम कोमट झाली. मग अहवाल वाइंडिंगच्या सहीसाठी ताईकडे आला. त्यात लिहिलं होतं, 'वाइंडिंगमधील दोष दूर केला.'

तिनं पेन खाली ठेवलं.

"शब्दांचं काय एवढं मनावर घेता?" साहेब म्हणाले. "काम झालं ना?"

"शब्दांनी काही बिघडत नसेल, तर तुमची चूक लिहा. माझी सही मिळणार नाही."

दोन दिवस कागद तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंनी तो फाडला आणि नवा आणला: 'कडं लहान निवडलं गेलं होतं.' कुणी निवडलं, ते नव्हतंच. ताईनं दात-ओठ खात सही केली आणि थेट पॅकिंगकडे गेली.

नणंद खोक्याला पट्टी लावत होती.

"चल, तुझी जागा रिकामी आहे. चूक वाइंडिंगची नव्हती, कागदावर आलंय."

"मी इथंच बरी आहे, वहिनी."

"अगं, इतका सुरेख हात तुझा!"

"इतके दिवस सगळे त्याच हाताकडे बघत होते. एकजण तरी येऊन म्हणाला का, चुकलं आमचं?"

ताई तशीच जिना चढून साहेबांच्या केबिनपाशी गेली आणि दार न वाजवता आत शिरली.

"खाली चला," ती म्हणाली. "तिच्याशी बोला. तोवर मी तार हातात घेत नाही."