एकच तुकडी

हिंदमाताच्या साडीच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, म्हणून सीमा थोडा वेळ मागून निघाली ती थेट शाळेत. पायांत घाई होती. प्राचीची पाचवीची फेरपरीक्षा झाली होती, आणि सकाळी शाळेचा निरोप आला होता, पालकांनी भेटावं. पास झालेल्या पोरांच्या आईबापांना असा निरोप येत नाही, एवढं कळायला काही मास्तरीण व्हावं लागत नाही.

मुख्याध्यापिका परब बाई मनाने चांगल्या. त्यांनी आधी खुर्ची दिली, मग पाण्याचा ग्लास पुढे केला. ग्लास पुढे केला तेव्हाच सीमा काय ते समजली.

"गणितात राहिली हो. थोडक्यात राहिली, पण राहिली. आता पाचवीत परत बसावं लागेल."

"बाई, ही तिसरीत असताना मी तुमच्याकडे आले होते. आठवतंय?"

बाईंना आठवत होतं. प्राचीची पहिली झाली ती बापाच्या मोबाईलवर. टाळेबंदीतली शाळा ती. धम्मपाल कामावर निघाला की पोरीची शाळाही त्याच्या खिशात बसून निघून जायची. तिसरीत आली तरी वजाबाकी म्हटलं की तिचे डोळे भरायचे. तेव्हा सीमा आपणहून आली होती. हिला एक वर्ष इथंच बसवा, पाया पक्का होऊ दे, हात जोडते. आणि याच टेबलामागून बाई म्हणाल्या होत्या, सीमाताई, मुलाला मागे ठेवता येत नाही, कायद्यात बसत नाही. मग ओढ्यातल्या पानासारखी पोर तिसरीतून चौथीत, चौथीतून पाचवीत वाहत आली.

"तेव्हा मी ठेवा म्हणत होते तर पुढे ढकललंत. आता जाऊ द्या म्हणते तर धरून ठेवताय."

"मी नाही हो. नियम बदलला. पाचवीला आणि आठवीला आता नापास करतात."

"बदलताना आम्हाला कुणी विचारलं? मी शाळेच्या समितीवर आहे ना, बाई? गॅदरिंगला वडापाव ठेवायचा का समोसा, हे विचारायला दोनदा फोन करता. आणि माझ्या पोरीचं वर्ष जातं, तेव्हा नुसतं कळवता?"

"मला तरी कोण विचारतं, सीमाताई?"

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. चाळीत नळावर सीमाने भल्याभल्यांना गप्प केलं होतं, पण भांडायला समोर कुणीतरी लागतं. भिंत असती तर डोकं तरी आपटता आलं असतं. इथं नुसती उशी होती.

मग तिने खरं दुखणं बाहेर काढलं. "वर्ष गेलं तर गेलं, बाई. पण ध्रुव यंदा पाचवीत आलाय. पाठचा भाऊ तिचा. तिनं बोट धरून बालवाडीत सोडलाय त्याला. आता त्याच्याच वर्गात तिला बसवणार? त्याला दुसऱ्या तुकडीत तरी टाका."

"दुसरी तुकडी उरलीय कुठे? मराठी शाळेत पोरं येतात कुठे आता? एकच तुकडी आहे."

शेजारच्या वर्गात पाचवीची मुलं पाढे म्हणत होती. त्या गलक्यातून ध्रुवचा आवाज सीमाला वेगळा ऐकू आला. आईच्या कानाला चाळण असते. खणखणीत आवाज, सगळ्यांच्या अर्धं पाऊल पुढे. एरवी तिचा ऊर भरून आला असता. आज तो काट्यासारखा रुतला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"मग ध्रुवला चौथीत ठेवा."

बोलली आणि स्वतःचीच जीभ तिला परकी वाटली. बाईंनी नजर खाली घातली.

"चौथीत मागे ठेवता येत नाही, सीमाताई. कायद्यात बसत नाही."

पालकांना कळवलं म्हणून एक सही लागते. ती सीमाने केली.

परतताना धम्मपालला फोन लावला. तो म्हणाला, "शीवला आहे एक मराठी शाळा. तिथं टाकू."

"तिथंही पाचवीच ना? आणि ने-आण कोण करणार? तुझी ड्युटी, माझं दुकान."

तो म्हणाला, "बघू." त्यांच्या घरात बघू म्हणजे काही होणार नाही.

सीमाची आई गावी दळताना गायची,

लेकीची माझ्या शाळा, उंच तिची गं पायरी
चढे एक एक बाळी, मागं वळेना माघारी

आईच्या ओवीत खाली उतरणारी पायरीच नव्हती. ती कुठून आली, हे सीमाला कुणाला विचारावं तेही कळेना.

संध्याकाळी लालबागच्या खोलीत प्राचीने काही विचारलं नाही. आईचा चेहरा वाचायला तिला कधी अडचण आली नव्हती. सीमाने सांगितलं तेव्हा ध्रुव मात्र हरखला.

"ताई माझ्या वर्गात? मग माझ्याच बाकावर बस ना. बाजूला जागा आहे."

"बसेन," प्राची म्हणाली. "पण वर्गात मला ताई म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"प्राची म्हण. सगळी म्हणतील तसं. आताच म्हणून बघ, म्हणजे तिथं चुकणार नाहीस."

ध्रुवने आईकडे बघितलं. या घरात मोठ्या बहिणीला नावाने हाक मारली की पाठीत धपाटा बसायचा, आणि तो धपाटा सीमाचाच असायचा. पोरगा परवानगीची वाट बघत होता. दिवसभरात पहिल्यांदाच काहीतरी तिला विचारून ठरणार होतं.

सीमाने मान हलवली.

"प्राची," ध्रुव पुटपुटला.

"असं नाही. मोठ्याने."

"प्राची!"

"हां," ती म्हणाली. "असंच."