वजन दोरीनं घ्यावं

मित्रांनो, मी एक जुना वायरजोड आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या एका लहान गावात, विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या दुकानात खिळ्याला लटकलो आहे. बाहेरच्या खळ्यावरची हळदीची धूळ बसून माझं अंग पिवळं झालं आहे. पण मला साधासुधा समजू नका. मी समुद्राच्या तळाशी राहून आलो आहे. दुकानातल्या एकाही पान्याला असं म्हणता येणार नाही.

माझा जन्म पुण्याच्या एका कारखान्यात झाला. पोलादी अंग, आत तांब्याच्या पिना, गळ्याशी रबराच्या तीन कड्या. कोकणच्या किनाऱ्यापासून थोडं आत एक भलंमोठं पिंप तरंगत असे. लाटांवर ते वरखाली झालं की त्याच्या पोटातल्या यंत्रातून वीज तयार होई. पिंपातून उतरणारी वायर आणि किनाऱ्याकडे जाणारी वायर तळाशी जिथे भेटत, तिथे माझी जागा. दोघींना धरून ठेवायचं आणि पाण्याचा थेंब आत येऊ द्यायचा नाही, एवढंच माझं काम.

नेमकं तेच मला जमेना. दोनदा माझ्या गळ्यातून पाणी शिरलं. दोन्ही वेळा इंजिनिअर लोकांनी रबरालाच दोष दिला आणि जाड कड्या बसवल्या. शेवटी मोठे साहेब म्हणाले, "आता एकदाच. परत पाणी शिरलं तर पिंप काढायचं आणि काम बंद."

त्या इंजिनिअरांत पुनम होती, याच गावची लेक. चार वर्षं तिने या कामात घातली होती. दिवाळीत ती गावी आली ती मला पिशवीत घालूनच. स्वतःच्या विहिरीत सोडून मला तपासायचं तिने ठरवलं होतं.

विहिरीवर तेव्हा या दुकानाचे मालक ग्यानोबा काका मोटार सोडत होते. पंचक्रोशीतल्या मोटारी त्यांच्याच हातून पाण्यात उतरायच्या. पुनमने समुद्रातली अडचण सांगितली, तसं त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"तिथं वायर ताणून ठिवता का ढिली?"

"ताणून, काका. ढिली ठेवली तर खडकाला घासते."

"मंग लाट आली की समदा हिसका ह्याच्याच गळ्याला! रबराला काहून बोल लावून राहिली, लेकरा? वजन दोरीनं घ्यावं, वायरीनं न्हाई. वायरीला हातभर ढील पाहिजे."

पुनम समोरच्या मोटारीकडे बघतच राहिली. निळी दोरी ताठ होती, वायर तिच्या बाजूने सैल उतरली होती. लहानपणापासून तिने हे रोज पाहिलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

तिसऱ्या वेळी मी समुद्रात उतरलो तो जाड दोराच्या आधाराने. ओढ सगळी दोराने घेतली. वायरला ढील दिली आणि ती खडकाला लागू नये म्हणून मध्ये एक तरंगता गोळा बांधला. अख्खा पावसाळा लाटा आपटत राहिल्या, पण मी कोरडाच राहिलो! किनाऱ्यावरच्या मासळीच्या शेडमध्ये माझ्यातून गेलेल्या विजेचे दिवे लागले. पुनमने काकांना फोन लावून तो समुद्राकडे धरला. काकांनी समुद्र कधी पाहिला नव्हता.

"लई गरजून राहिलं की गं," ते म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी फोन ठेवला नाही.

पुढे माझ्या जागी नवा जोड आला आणि पुनमने मला काकांना आणून दिलं. काकांनी मला जिभेला लावलं. "अजून खारट हाय!" म्हणून लहान पोरासारखे हसले. मग सुतळी बांधून त्यांनी मला गल्ल्याच्या वर टांगलं. गिऱ्हाइकाला माझी गोष्ट सांगितल्याशिवाय ते सोडत नसत. ते दिवस फार सुखाचे होते.

मागच्या वर्षी काका गेले. दुकान आता त्यांचा मुलगा बालाजी चालवतो. पोरगा कष्टाळू आहे, पण घाईचा. दुकानाला रंग देताना त्याने माझी सुतळी कापली आणि नंतर मला माझ्या गळ्यात उरलेल्या वायरच्या तुकड्यानेच टांगलं. तेव्हापासून सगळं वजन गळ्यावर आहे. वरची कडी सुटली आहे आणि वायर थोडी थोडी बाहेर ओढली जाते आहे. समुद्राने जे केलं नाही ते एका खिळ्याने चालवलं आहे. काका असते तर पायरी चढतानाच त्यांनी ओळखलं असतं.

मित्रांनो, बालाजीला रागावू नका. मला कुणी पुसावं, मिरवावं, असंही माझं म्हणणं नाही. तुमच्यापैकी कुणी या दुकानात आलात, तर तेवढी हातभर सुतळी घेऊन या.